अंबूताईंची पोथी

अंबूताईंबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या, असा शाळेतून निरोप आला आहे. जुन्या बाईंचा फोटो भिंतीवर लावायचा आहे, त्याच्या शेजारी मजकूर हवा. निरोप घेऊन आलेली तरुण मास्तरीण गोड होती. "तुमचा त्यांच्याशी फार घरोबा होता ना?" म्हणाली. होता. म्हणूनच चार शब्दांत भागणार नाही, आणि सगळे चांगलेही लिहिणार नाही. त्यातलं भिंतीवर काय लावायचं ते शाळेनं ठरवावं.

मी दासगावची. लग्न होऊन महाडला आले तेव्हा आमच्या परसाला लागून अंबूताईंच्या भावाची, म्हणजे अण्णांची, मागची पडवी होती. अंबूताई बुटक्या, रुंद हाडाच्या. आवाज मात्र सावित्री नदीच्या पलीकडे पोचेल असा. विधवा असून त्यांनी केस ठेवले होते. महाडात तेव्हा एवढंही लोकांना बोलायला पुरे होतं. मुंबईत त्यांचा नवरा एका फ्रेंच पेढीत कारकून होता. तो तापाच्या साथीत गेला. मग बाई भावाकडे आल्या, ट्रेनिंग पुरं केलं आणि मुलींच्या शाळेत लागल्या.

त्यांच्या बगलेत बारा महिने छत्री असायची, आणि ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. आषाढातसुद्धा मिटलेली छत्री बगलेत घेऊन भिजत जायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "हात रिकामे असले की लोक विचारतात, कुठे चाललीस. छत्री दिसली की समजतात, कामाला चालली." ती छत्री उघडत तरी होती का, याची मला शंका आहे.

आणखी एक बोलणं त्यांच्या तोंडी नेहमी असे: "पुढे वाच, मग रड." वर्गात एखादी मुलगी धड्यातल्या मेलेल्या हरणासाठी मुसमुसायला लागली की हे वाक्य यायचं. घरी कोणी सासूचं गाऱ्हाणं घेऊन आलं तरी हेच. माझं पहिलं मूल गेलं तेव्हा मात्र त्यांनी ते म्हटलं नाही. नुसत्या येऊन बसल्या, माझ्या चुलीवर भात टाकला, आणि उतू गेलेली पेज फडक्याने पुसून गेल्या. त्या दिवसापासून मी त्यांची झाले. हेही लिहायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मुली शाळेत टिकवणं हे त्यांचं खरं काम. एका कापडवाल्याने मुलीला चौथीतून काढली. अंबूताई ऐन बाजाराच्या वेळी त्याच्या दुकानात गेल्या, गादीच्या कडेला बसल्या आणि हातातला पेपर तिथे बसलेल्या मुलीपुढे टाकून म्हणाल्या, "वाच गं, तिकडे काय चाललंय जगात." मुलीनं वाचायला घेतलं. गिऱ्हाईक थांबलं. शेजारचा तेली आला. दुसऱ्या दिवशी लोक आपणहून विचारू लागले, आज पेपर वाचला का म्हणून. दुकानात गर्दी हवी तर मुलीला आणखी चांगलं वाचता यायला हवं, हे कापडवाल्याच्या ध्यानात आलं, आणि पोर परत शाळेत आली. बाई हसल्यासुद्धा नाहीत. असल्या युक्त्या त्यांच्याकडे ढीगभर होत्या, आणि आम्हाला त्यांचं भारी कौतुक. युक्ती करणारं माणूस एक दिवस आपल्यावरही करेल, हे तेव्हा कोणाला सुचणार?

आता पोथीचं सांगते.

चातुर्मासात दुपारी अण्णांच्या पडवीत पोथी ऐकायची हा आमच्या आळीतल्या बायकांचा नेम होता. एका वर्षी पुराणिकबुवा गुडघ्यांनी आजारी होऊन लेकाकडे गेले, तेव्हा वाचायचं काम अंबूताईंकडे आलं. त्यांनी पोथी शाळेतल्या धड्यासारखी भराभर वाचली आणि दिवाळीच्या कितीतरी आधी संपवून टाकली. भीमाकाकू रागावल्या. या आमच्या आळीतल्या सगळ्यात मोठ्या; सोवळं कडक, जीभ त्याहून कडक. "नेम चार महिन्यांचा आहे, अंबू. मध्येच बंद पडलेला मी चालवून घ्यायची नाही. दुसरं काहीतरी वाच."

अंबूताईंनी आतून तीन पुस्तकं आणली. मुंबईत असताना त्या पेढीच्या साहेबाच्या बायकोला मराठी शिकवत. ती मडम मायदेशी गेली तेव्हा तिने ही दिली होती. मूळ लिहिणारी फ्रेंच बाई, हाती होतं ते इंग्रजी. एका मुलीची गोष्ट, लहानपणापासून ती मोठी बाई होईतो. मुलीचं नाव आमच्या जिभेला झेपेना, म्हणून अंबूताईंनी तिला रेवा केलं. समोर इंग्रजी पान आणि तोंडातून मराठी, असं त्या वाचत. कुठे अडखळणं नाही, शब्द शोधणं नाही.

पण आम्ही ऐकत होतो ते पोथीच्याच रिवाजाने. पुस्तक चौरंगावर, खाली रेशमी फडकं. वाचनाला रिकाम्या हाताने यायचं नाही, म्हणून प्रत्येकीच्या हातात जाईचं, शेवंतीचं, नाहीतर तगरीचं फूल. ते पुस्तकावर ठेवून नमस्कार करायचा. अध्याय संपेपर्यंत उठायचं नाही. मनात काही धरून ऐकायला बसलं तर समाप्तीला त्याचं उत्तर मिळतं. आणि शेवट गोड व्हायला हवा. अशुभावर पोथी बांधून ठेवायची नाही. अंबूताई पहिल्या दिवशी त्या फुलांकडे पाहून हसल्या, पण त्यांनी ती बाजूला सारली नाहीत.

काय ते दिवस होते! रेवा झाडावर चढून शेजाऱ्याची फळं पाडायची, ती फळं आम्ही पेरू करून टाकली. तिचा बाप घड्याळं दुरुस्त करी आणि मुलीकडे त्याचं लक्ष नसे, म्हणून भीमाकाकू त्याला रोज शिव्या घालत. एकदा त्यांनी वाचन थांबवलं. "मुलगी मोठी झाली म्हणतेस. दोन पुस्तकं संपत आली. मग ती पहिल्यांदा बाजूला कधी बसली, ते कुठे आहे?" आम्ही पदरात तोंडं लपवली. अंबूताईंनी पानं मागेपुढे चाळली. "नाही हो लिहिलेलं." "बाईनं लिहिलंय आणि तेवढंच राहिलं?" "लिहिणारी बाई आहे, काकू. छापणारा पुरुष असेल." काकूंना हे पटलं. तेव्हापासून पुस्तकात काही कमी पडलं की त्या म्हणत, छापणाऱ्यानं काढलं.

छापणाऱ्याने कशाला, अंबूताई स्वतःही काढत. रेवा आणि तो पहिला तरुण बागेत एकटे सापडले की बाई खाकरत, शेजारच्या तांब्यातून घोटभर पाणी पीत, आणि पुढचं वाक्य सुरू होई तोवर दुसरी सकाळ झालेली असे. आम्हाला हे पाठ झालं होतं. पाणी प्यायल्या की आम्ही एकमेकींना कोपर मारायचो आणि गाळलेलं मनात भरून घ्यायचो. हा आमचा त्यांचा न बोललेला करार होता. गाळतील, पण गाळलं हे कळू देतील.

तुळसा पडवीच्या पायरीवर बसायची. ती कुडपणची, वर डोंगरातली. नवरा मुंबईत गिरणीत. त्याने खोलीत कोंडून मारलं, तशी ती पळून आली. भावाने ठेवून घेतली नाही, म्हणून महाडला आतेकडे राहून आमच्या आळीत भात कांडायची. कांडण आटोपलं की घाम पुसून पायरीवर येऊन बसे. फूल मात्र रोज आणी. रेवाचं लग्न झालं, नवरा जसजसा बाहेर गोड आणि घरात कडू निघत गेला, तसतशी तुळसा एकेक पायरी वर सरकत आली. एक दिवस रेवाच्या नवऱ्याने चारचौघांत तिची नक्कल करून हसवलं, तर तुळसा मोठ्याने म्हणाली, "मारला नाय अजून. मारंल तो. आधी हसतात." भीमाकाकूंनी आपल्या शेजारी जागा करून दिली. सोवळ्यातल्या बाईनं हे करणं म्हणजे काय, ते त्या काळच्या माणसालाच कळेल.

दिवाळीनंतर तुळसाच्या नवऱ्याचा निरोप आला. पुन्हा खोली घेतली आहे, मी सुधारलो आहे, दासगावहून बोटीने ये. गावचा माणूस सोबतीला देतो. आते जा म्हणत होती. तुळसा हो म्हणेना, नाही म्हणेना. पडवीत सगळ्यांसमोर अंबूताईंना म्हणाली, "रेवाचं काय व्हतंय ते ऐकते. मंग सांगते, जाते का नाय."

"अगं, ती गोष्ट आहे," अंबूताई म्हणाल्या.

"गोष्ट हाय, तर मंग फुलं कशाला घालून घेता?"

अंबूताईंनी पुस्तक फडक्यात बांधलं.

समाप्तीच्या दिवशी भीमाकाकूंनी खीर केली होती. तुळसा न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून आली. शेवंतीचं फूल ठेवताना डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. त्या दिवशी अण्णा कधी नव्हे ते आतल्या दारात उभे होते. अंबूताईंनी वाचायला सुरुवात केली. रेवा पेटी घेऊन स्टेशनावर जाते. गाडी लागलेली असते. ती डब्याच्या पायरीवर पाय ठेवते, एवढ्यात नवरा धावत येतो, उघड्या डोक्याने, सगळ्या लोकांदेखत तिची पेटी उचलतो आणि क्षमा मागतो. ती परत घरी येते. घरात दिवा लावते. संपलं.

आमच्या डोळ्यांना धार लागली. भीमाकाकूंनी पुस्तकावरच अक्षता टाकल्या. मी मात्र सवयीने तांब्याकडे पाहत होते. अंबूताईंनी पाण्याला हात लावला नव्हता. म्हणजे सगळं खरं, अगदी जसंच्या तसं, असं मी समजले, आणि मला फार बरं वाटलं.

"परत गेली?" तुळसानं विचारलं.

"गेली."

"आनि मंग बरी ऱ्हायली?"

अंबूताईंनी पुस्तक मिटलं. "बरी राहिली," म्हणाल्या.

तुळसाने खीर घेतली, सगळ्यांच्या पाया पडली, आणि आठवड्याच्या आत दासगावहून बोटीत बसली. माझ्या माहेरच्या माणसांनी तिला बंदरावर पाहिलं. हसत होती म्हणाले.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीला तिची बातमी आली. नवऱ्यानं उजवा हात मोडला होता. तो कोणी नीट बसवला नाही, वाकडाच जुळला. आता मुसळ धरता येत नव्हतं. काम होईना तसं नवऱ्यानं आणून कुडपणला भावाच्या दारात सोडलं, आणि या खेपेला भावाला ठेवून घ्यावंच लागलं. पडवीत हे कळलं तेव्हा भीमाकाकू उसासा टाकून म्हणाल्या, "एकेकीचं नशीब. रेवाचा सुधारला, हिचा नाही सुधारला." अंबूताई तिथेच होत्या. त्या उठून आत गेल्या. आम्हाला वाटलं, दुःख झालं.

त्या थंडीत शाळेची तपासणी करायला पुण्याहून एक बाई आल्या. त्यांच्यासाठी आम्ही शाळेत हळदीकुंकू केलं. कोणीतरी हौसेने सांगितलं, की आमच्या अंबूताईंनी फ्रेंच कादंबऱ्या वाचून दाखवल्या. पाहुण्या खूश झाल्या. त्यांनी त्या तिन्ही वाचल्या होत्या. "मग शेवट ऐकून काय म्हणालात तुम्ही सगळ्या? मला तर झोपच आली नाही. नवऱ्याचं घर सोडून एकटी निघते, स्टेशनवर पोचवायलासुद्धा कोणी नाही, आणि गाडी सुटल्यावर रडायचं सोडून भूक लागली म्हणून अख्खा पाव खाते! तो पाव मी अजून विसरले नाही."

सगळ्यांचे हात थांबले.

"कुठला पाव?" भीमाकाकूंनी विचारलं.

पाहुण्यांनी अंबूताईंकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. त्या अत्तरदाणीचं झाकण लावत होत्या, आणि ते लागत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही पडवीत गेलो. मी आजवर त्यांच्याशी वर मान करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "तुम्ही पाणी प्यायला नाहीत," मी म्हणाले. एवढंच सुचलं. त्यांना अर्थ बरोबर कळला. आमचा करार त्यांना ठाऊक होता. कुठलं पान गाळलं हे आम्हाला कळू नये, म्हणून त्यांनी त्या दिवशी मुद्दाम तहान मारली होती. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. खोटं बोलण्याआधी त्यांनी आमचा विश्वास चांगला तपासून घेतला होता.

मग त्यांनी सांगितलं. तुळसाचा चुलतसासरा अण्णांना येऊन भेटला होता: तुमची बहीण पोथीच्या नावाखाली आमच्या सुनेला फितवते. मुलींचे बापही कुजबुजायला लागले होते. "मी तो शेवट वाचला असता आणि तुळसा गेली नसती, तर दुसऱ्या दिवशी शाळा अर्धी रिकामी झाली असती. एवढ्या मुली, गं. एकेक करून जमवलेल्या. आणि समाप्तीला घर मोडलेलं कसं वाचू? तुम्ही खीर करून बसलेल्या..."

"खिरीचं नाव काढू नकोस," भीमाकाकू कडाडल्या. मला वाटलं होतं, त्यांना खोटा शेवटच बरा वाटेल. त्यांचं सगळं आयुष्य गोड समाप्त्यांवर गेलेलं. पण झालं उलटंच. "मी ऐकून मेले असते का? नवरा गेला तो पाहिला, दोन लेक पाहिले, पाव खाणारी पोर मला सोसली नसती? मी तुझ्या खोट्यावर रडले, अंबू. माझं रडं फुकट घेतलंस तू. आणि त्या पोरीचा हात."

"मी भ्याले," अंबूताई म्हणाल्या.

"मग तसं सांगायचंस. नाही वाचत म्हणायचंस. पुस्तक बंद करायला तुला कोणी अडवलं होतं?"

भीमाकाकू त्यानंतर त्या पडवीत कधी आल्या नाहीत. मी जात होते, पण आधीसारखी नाही. 'पुढे वाच, मग रड' म्हणणाऱ्या बाईनं पुढचं आम्हाला वाचूच दिलं नव्हतं. त्यांची शाळा वाचली, हे खरं आहे. त्यातल्या किती मुली शिकल्या, मास्तरणी झाल्या, तेही खरं आहे. शाळेनं ते जरूर भिंतीवर लावावं. पण एका बाईचा हात मोडून ती शाळा उभी राहिली, आणि ती बाई दोन पावसाळे शाळेच्या बाईंच्या पडवीशी भात कांडत असताना तिला कोणी पाटी दिली नव्हती. त्यांनी नाही, आम्हीही नाही.

शिमग्याच्या सुमाराला अंबूताई माझ्याकडे आल्या. "कुडपणला जाते. येतेस?" म्हणाल्या. बगलेत छत्री नव्हती, तिसरं पुस्तक होतं. मला जायचं नव्हतं, पण गेले. सर्व्हिस मोटारीने पोलादपूरपर्यंत, तिथून पुढे वाटाड्या घेऊन डोंगर. चढताना बाईंना श्वास लागला की त्या थांबत, पुस्तक या हातातून त्या हातात घेत.

तुळसा भावाच्या अंगणात डाव्या हाताने नाचणी पाखडत होती. सूप अर्धं पोटाशी टेकवलेलं. आम्हाला पाहून तिने घोंगडी टाकली, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. तोंडावर राग नव्हता. अंबूताईंनी पाणी तसंच ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं: शेवट असा नव्हता, मी बदलला, तुझा हात माझ्यामुळे गेला. मग पुस्तक उघडून त्यांनी खरा शेवट वाचला. स्टेशन, पेटी, कोणी न येणं, गाडी सुटणं. पाव. आवाज इतका लहान होता की मला पुढे सरकावं लागलं.

तुळसाने सगळं ऐकलं. पाखडणं थांबवलं नव्हतं, पण सुपाचा आवाज हळू केला होता.

"ह्ये खरं?" तिने विचारलं.

"खरं, तुळसा. देवाशपथ."

तुळसाने सूप खाली ठेवलं. मग शांतपणे म्हणाली, "तवाबी मी इचारलं व्हतं. तवाबी तुमी असंच सांगितलं."

तिने सूप उचललं, वाकडा हात कमरेशी धरला, आणि आत गेली. आतून तिचं भावजयीशी काहीबाही बोलणं ऐकू यायला लागलं, रोजचंच, गुरांचं. ती परत बाहेर येणार नाही हे मला कळलं. मी उठले, वाटाड्याला हाक मारली, बांधापर्यंत जाऊन मागे वळून पाहिलं.

त्यानंतर लवकरच माझ्या यजमानांची बदली झाली, आणि अंबूताईंची माझी पुन्हा गाठ पडली नाही. मला त्या दिसतात त्या तिथेच, घोंगडीवर बसलेल्या. पुस्तक त्यांनी उलटं फिरवून घराच्या दाराकडे धरलं होतं, त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून, आतल्या माणसाला वाचता यावं म्हणून.